गरज असेल तोवर

मावशीच्या श्वासाच्या आलेखात प्रत्येक उच्छ्वासाच्या शेवटी एक बारीक खाच असायची. रेषा खाली यायची, किंचित अडखळायची, मग आणखी जराशी उतरून थांबायची. अडखळण्याचा काळ सेकंदाचा तीन-दशांश. दीडशे माणसांच्या नोंदी मी तपासल्या आहेत. अशी खाच दुसऱ्या कोणाच्या श्वासात मला सापडलेली नाही.

झोपेत श्वास मंदावू लागला की इशारा देणारं यंत्र आमची प्रयोगशाळा तयार करत होती. त्यासाठीची पहिली नोंद मावशीने दिली. छातीला पट्टा बांधून ती दुपारी आपल्या खोलीत झोपली, एक तास सत्तेचाळीस मिनिटं.

मावशी करारनामे लिहायची. जागा भाड्याने द्यायची असो, कर्मचाऱ्यांच्या रजा असोत की कोणाची माहिती कोणी वापरायची हा प्रश्न असो, 'वापर कशासाठी' हे कलम तिच्याकडून लिहून घ्यायला लोक लांबून येत. 'असे करू नये' हे शब्द तिच्या लिखाणात कधी येत नसत. "मनाईला पळवाट असते," ती म्हणायची. "नऊ गोष्टींना नाही म्हटलं की माणूस दहावी करतो. म्हणून काय करता येईल तेवढंच लिहायचं. बाकीचं आपोआप बाहेर राहतं." एका कारखान्यासाठी तिने लिहिलेलं, आजारी नातेवाइकाच्या शुश्रूषेसाठी मिळणाऱ्या रजेचं कलम मला अजून पाठ आहे. एकच वाक्य. त्यात खोटं बोलणाऱ्याला शिरायला जागा नाही, आणि खरं बोलणाऱ्याला दाखले गोळा करत फिरावं लागत नाही. मी इतकी वर्षं शोधनिबंध लिहिते आहे, पण असं एक वाक्य मला जमलेलं नाही.

तिच्या घराखालच्या गाळ्यातला शिंपी तेवढा तिची टर उडवायचा. त्याच्या भाडेकरारात 'मापे घेणे, कापणे, शिवणे, उसवणे' एवढंच होतं.

"बाई, मला शिंक आली तर ती कुठल्या कलमात बसवू?"

"उसवण्यात," मावशी म्हणाली. "शिंकता तेव्हा अंगाचे सगळे टाके सुटल्यासारखंच वाटतं."

माझ्या नोंदीसाठीही तिने कागद केला.

"अगं, घरचंच तर काम आहे," मी म्हटलं.

"घरच्यांशीच नीट लिहावं लागतं. परक्याशी भांडून मोकळं तरी होता येतं."

कागदावर तीन ओळी होत्या. ही नोंद माझ्या भाचीने श्वासाच्या अभ्यासासाठी वापरावी. तिला गरज असेल तोवर वापरावी. गरज संपली की तिने तसे स्वतःच्या तोंडाने सांगावे.

"कोणाला सांगायचं?"

"वस्तू ज्याची, त्याला."

मी हसत सही केली. सहा आठवड्यांनी मावशी गेली.

पहिली विचित्र गोष्ट आमच्या इंजिनिअरला दिसली. यंत्राच्या माहितीपत्रकावर छापायला त्याला एक देखणा आलेख हवा होता. त्याने मावशीची फाईल उघडली. पडद्यावर नुसती सरळ रेषा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

"तुझी फाईल गेली बघ."

मी त्याच खुर्चीत बसले आणि त्या दिवशीच्या मोजणीसाठी तीच फाईल उघडली. श्वास होता. खाच होती.

"मावशींना जाहिरातीत यायचं नाहीये," तो हसून म्हणाला. मग आम्ही आलटून पालटून चार वेळा करून पाहिलं. चौथ्या वेळी तो हसला नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. काय कलम लिहिलं होतं बाईने, एवढंच मनात आलं.

दुसरी गोष्ट मला एकटीला दिसली. फाईल एक तास एकोणपन्नास मिनिटांची झाली होती. मी संगणकाचं घड्याळ तपासलं, जुन्या प्रती काढून ताडून पाहिल्या. पट्टा कपाटात होता, बॅटरी काढलेली. वाढलेल्या दोन मिनिटांत सव्वीस श्वास होते आणि प्रत्येकाच्या शेवटी तीच खाच. नंतर प्रत्येक वेळी उघडल्यावर फाईल थोडी लांब असायची.

यंत्र तयार होऊन बाहेर पडलं. इतरांच्या नोंदी आता भरपूर होत्या. इंजिनिअर विचारायचा, "मावशींची फाईल काढून टाकू? जागा अडते."

"नको. अजून गरज आहे."

दीड वर्षात त्याने तीनदा विचारलं, तीनदा मी हेच सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत मी फाईल उघडायची, दोन आकडे वहीत टिपायची, म्हणजे अभ्यास झाला. मग डबा समोर ठेवून रेषेकडे बघत बसायची. त्या आकड्यांचं पुढे काहीच करायचं नव्हतं, हे मला माहीत होतं.

गेल्या महिन्यात ते आकडेच मला खटकले. नव्याने वाढलेल्या भागात दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. पाच सेकंद, सहा, आठ. दहा सेकंदांना आमचं यंत्र इशारा देतं. शेवटचे तीन दिवस मी मावशीच्या उशाशी बसून होते. हा श्वास माझ्या ओळखीचा होता. ती दमली होती, आणि तरी थांबत नव्हती. तिला कोण थांबू देत नव्हतं, हे कागदावर लिहिलेलं होतं, खाली माझी सही होती.

तरी मी महिनाभर काही बोलले नाही.

आज दुपारी इंजिनिअर मागून येऊन पडद्यापाशी वाकला.

"कोण आहे हे? अगं, हा माणूस त्रासात आहे. आत्ताचं आहे का?"

"नाही. जुनी नोंद आहे."

"मग रेषा पुढे कशी सरकतेय?"

त्याने पडद्याच्या कोपऱ्यातलं नाव वाचलं आणि तो बाहेर गेला. दार त्याने फार हळू लावलं.

अकरा सेकंद. चौदा.

मग श्वास आत घेतला गेला. रेषा वर चढली.

ती खाली आली नाही.

वीस सेकंद. चाळीस. वरची रेषा अगदी बारीक थरथरत होती. काहीतरी ऐकू यावं म्हणून माणूस श्वास रोखून धरतो, तेव्हा ती अशी दिसते.

सत्तर.

"मावशी," मी म्हणाले, "मला आता गरज नाही."