तिसऱ्या झरोक्याखालची पाळी

तुम्ही इकडं बसा. मला हल्ली दार समोर दिसलेलं बरं वाटतं.

गोष्ट मे महिन्यातली, आणि तीही भर दुपारची. भुतं रात्रीच भेटतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी सुखानं झोपावं. माझं मंचरला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान, गाव बोरी बुद्रुक. लेक समृद्धी, पाचवीतली. शाळेनं सुट्टीत ऐतिहासिक ठिकाणाला भेट द्यायला सांगितलेली. सगळा वर्ग किल्ल्यावर जाणार, म्हणून हिला काहीतरी वेगळं हवं होतं. जुन्नरला जुन्या शहराला पाणी आणणारा एक भुयारी कालवा नुकताच गाळ काढून लोकांना बघायला खुला केला होता. रविवारी आम्ही बापलेक मोटारसायकलवर निघालो. तिची आई, वैजयंती, म्हणाली, "पोरीचा हात सोडू नका." हे ती बाजारात जातानाही म्हणते, म्हणून मी नुसती मान हलवली.

कालव्याच्या तोंडाशी करंजाच्या सावलीत एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. ठमाबाई. नाव तिनंच सांगितलं.

"कुठलं पावणं?"

"बोरीचा."

"शेती पाटपाण्याची का?"

"व्हय."

"मग तिसऱ्या झरोक्याम्होरं जाऊ नका. शेहरातली मान्सं जात्यात न् येत्यात, त्यांना काय व्हत न्हाई. पाण्यावरच्या मान्साचं निराळं."

मी हसलो. शेतकऱ्याला पाण्याची भीती घालणारी पहिलीच बाई भेटली होती, आणि कालवा तर कधीचा कोरडा ठणठणीत.

इथं तुम्हाला एक सांगायला हवं. आमच्याकडं कालव्याला पाणी सुटलं की प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. चारीतून, म्हणजे कालव्याच्या छोट्या पाटातून, वावरात पाणी घ्यायचं तोंड म्हणजे दार. पाळी असलेला माणूस दार धरून उभा राहतो, आणि पुढचा येईपर्यंत जागा सोडत नाही. पावलं वाजली की तो विचारतो, "कोण हाय?" आलेला म्हणतो, "मी हाय. जा तुमी." झालं, पाळी बदलली. एकदा पुढचा माणूस आलाच नाही, तर माझे वडील अंगात ताप असताना दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत उभे होते. दार सोडून येणाऱ्याला आमच्याकडं कोणी रामराम घालत नाही. समृद्धीला मी लहानपणापासून चारीवर नेतो. मी "कोण हाय?" म्हटलं की ती पुढं येऊन ठसक्यात जबाब द्यायची, आणि सगळे हसायचे. मीच शिकवलं होतं.

भुयाराला हवेसाठी विहिरीसारखे गोल झरोके आहेत. वर जमिनीवर त्यांना छातीएवढे कठडे. समृद्धीची कल्पना अशी, की ती तिसऱ्या कठड्यावरून मोबाईलवर फोटो काढणार आणि मी खाली उजेडात उभा राहणार. मी हात सोडला. ती पळत वर गेली.

आत गार होतं. पहिला झरोका, दुसरा झरोका, वटवाघळांचा वास. तिसऱ्याखाली निळ्या झाकणाची रिकामी बाटली पडली होती. वरून समृद्धी ओरडली, "पप्पा, हसा की!" मी हसलो. खरं तर तिथूनच मागं फिरायचं. पण पुढच्या अंधारात पाण्याचा आवाज होता. बारीक, चारीतून दारात वळतं तसा. शेतकऱ्याचे पाय अशा वेळी त्याचं ऐकत नाहीत. चार पावलं पुढं गेलो.

आधी तंबाखूचा वास आला. मग तळहातावर दोन थापा वाजल्या, तंबाखू मळून झाल्यावर मारतात तशा. आणि फार दमलेल्या आवाजात कोणीतरी विचारलं...

"कोण हाय?"

"मी हाय. जा तुमी."

विचार करून बोललो असतो तर! तोंडातून आपसूक गेलं. अंधारात कोणीतरी मोठा श्वास सोडला, ओझं उतरल्यासारखा. एक ओला खांदा माझ्या खांद्याला घासून भुयाराच्या तोंडाकडं गेला. चपक चपक पावलं वाजली, लांब गेली. आणि माझ्या घोट्यांना गार पाणी लागलं.

मी पळालो. झरोका आला, खाली निळ्या झाकणाची बाटली, आता पाण्यावर तरंगणारी. तसाच पुढं पळालो. पुन्हा झरोका, पुन्हा तीच बाटली. पाचव्यांदा ती दिसली तेव्हा पाणी गुडघ्याला होतं आणि मी रडत होतो. हो, रडत होतो. पाळी माझी होती आणि मला दार सोडता येत नव्हतं.

वर पाहिलं. गोल उजेडात समृद्धीचा चेहरा. मी जीव तोडून हाका मारल्या. "पोरी! ठमाबाईला बोलाव!" ती इकडं तिकडं बघत राहिली. तिला काही ऐकू जात नव्हतं. पाणी कमरेला आलं तेव्हा मला कळलं, की इथून एकच हाक वर जाईल. आणि त्या हाकेला जबाब द्यायला वर एकच माणूस होतं.

मी रुमालाचा बोळा तोंडात कोंबला. किती वेळ तसा उभा होतो, माहीत नाही. पाणी छातीला आलं, गळ्याला आलं. मनाला समजावलं, कदाचित म्हातारीच ऐकेल. खोटं होतं ते. मला माहीत होतं, कोण ऐकणार.

मी रुमाल काढला.

"कोण हाय?"

"मी हाय, पप्पा. जा तुमी."

ठसक्यात. मी शिकवलं होतं तस्सं.

पायाखाली कोरडी माती होती. मी धडपडत बाहेर आलो. ठमाबाई उभी राहून वर बघत होती.

"तुमी दोघंच आला व्हता ना?"

"व्हय..."

"मग आत्ता आतून आला त्यो म्हातारा कोन? वल्ल्या पायानं वर गेला, पोरीकडं."

मी कसा वर गेलो ते आठवत नाही. कठड्याशी समृद्धी एकटीच उभी होती. मी तिला उराशी धरलं, हातपाय चाचपले. पोरगी धडधाकट. "चला ना पप्पा, भूक लागली," म्हणाली. घड्याळात दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

घरी सगळं ठीक आहे. जेवते, शाळेत जाते. वैजयंती म्हणते, पोरगी शहाणी झाली, हट्ट करत नाही. मी मान हलवतो.

गेल्या आठवड्यात, दुकानात जातो सांगून, एकटाच जुन्नरला गेलो. तिसऱ्या कठड्यावरून आत वाकलो. बराच वेळ काही नाही. मग खालून, फार खालून, रडून बसलेल्या आवाजात...

"कोण हाय?"

आवाज माझ्या लेकीचा होता. जबाब माझ्या ओठांवर होता, दोनच तर वाक्यं. माझ्या गळ्याला पुन्हा ते गार पाणी लागलं, आणि मी तोंड दाबून धरलं. मोटारसायकल चालू केली तरी खालून विचारणं चालूच होतं.

घरी पोचलो. दार समृद्धीनंच उघडलं. कुठं गेलो होतो, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"जबाब न्हाई दिला ना?" तिनं हळूच विचारलं. "बरं केलंत."

मग डाव्या तळहातावर अंगठा चोळत, दोन थापा मारून, ती अभ्यासाला आत गेली.