तिन्ही खोल्यांचा एकच दिवा

रेवाला झोपवायला पाऊण तास लागायचा. गोष्ट, पाणी, शू, पुन्हा पाणी, आणि मग ‘आई, तू इथेच बस.’ चार वर्षांच्या मुलीने किती वाजता डोळे मिटले, रात्रीत कितीदा उठली, हे अनुष्का एका वहीत लिहून ठेवायची. एमएस्सी झालेल्या बाईला मूल दिलं की ती त्याचा तक्ताच करणार, असं सुमेध चिडवायचा. चिडवायला त्याचं काय जात होतं? अंधेरीच्या ऑफिसातून तो नऊनंतर उगवायचा, तोवर सगळं आटपलेलं असायचं.

एव्हरशाईन सिटीतला त्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. एका पॅसेजवर तीन बेडरूम. मधली रेवाची, एका बाजूची त्या दोघांची, दुसऱ्या बाजूची आप्पांची, म्हणजे अनुष्काच्या सासऱ्यांची. कुठल्याही खोलीत दिवा असला की दाराखालून उजेडाची पट्टी पॅसेजमध्ये यायची, आणि ती पट्टी दिसली की रेवा टक्क जागी.

दिवाळीत सुमेधने नवे डिमर बसवून घेतले. बटणाच्या जागी काळी गुळगुळीत पट्टी. बोट वर सरकवलं की उजेड वाढतो, खाली आणलं की मंदावतो. फोनवरूनही जमतं. अनुष्काने माहितीपत्रक वाचून तिन्ही खोल्यांचे डिमर एकमेकांना जोडून टाकले. एक हलला की तिन्ही हलणार. साडेआठला रेवाजवळ आडवं व्हायचं आणि अंगठ्याने सगळं घर हळूहळू विझवत न्यायचं. पहिल्याच आठवड्यात रेवा वीस मिनिटांत झोपायला लागली.

आप्पा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“अनुष्का, माझी खोली त्यातून वगळता येईल का गं? उजेड कमी झाला की मला भिंतच सापडत नाही.”

“आप्पा, वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. ती झोपली की मी लगेच वाढवते.”

“बरं.”

एवढंच. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. कधी ती आठवणीने उजेड वाढवायची. कधी रेवाच्या कुशीत तिचाच डोळा लागायचा, आणि सुमेध आल्यावर बघायचा तर आप्पा अंधारात पलंगाच्या कडेवर बसलेले असायचे, हात मांडीवर ठेवून.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आप्पा पलंग आणि बाथरूमच्या मध्ये पडले. डोकं उंबऱ्यावर आपटलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

भेटायला येणारी माणसं बाराव्या दिवसापर्यंत येत राहिली. सुमेधची सुनंदाआत्या विरारहून रोज यायची आणि प्रत्येकाला तेच सांगायची. “दादाची काटकसर नडली हो. पंखासुद्धा दोनच्या वर लावायचा नाही. दिवा घालवून बाथरूमला जात असणार, दुसरं काय!” ऐकणारे माना हलवायचे. सुमेधही मान हलवायचा. समोरच्या फ्लॅटमधली रोवेना पेज घेऊन यायची आणि अनुष्काला म्हणायची, “खा गं बाई. उभ्या उभ्या पडशील. सासऱ्यासाठी इतकं कोणी करत नाही, तू केलंस.”

अनुष्का पेज प्यायची. ते ‘केलंस’ तिच्या घशाखाली उतरायचं नाही.

कारण त्या मंगळवारी काय झालं होतं ते फक्त तिला ठाऊक होतं. तिने उजेड शून्यावर आणला होता. रेवाची पापणी जड झाली होती, आणि छतावरचा दिवा आपोआप उजळला. रेवा चुळबुळली. अनुष्काने अंगठा खाली ओढला. तो पुन्हा उजळला. पहिल्यांदा तिला वाटलं, यंत्रात बिघाड असेल. दुसऱ्यांदाही वाटलं. तिसऱ्यांदा मात्र तिला कळलं होतं. पलीकडच्या खोलीत आप्पा भिंतीवर बोट वर सरकवत होते, आणि जोडलेले असल्यामुळे इथलाही दिवा वाढत होता. कळल्यावरच तिला जास्त राग आला. दोन मिनिटं थांबता येत नाही का या माणसाला? तिने खाली ओढलं, त्यांनी वर नेलं. हाक नाही, शब्द नाही. सातव्यांदा तिने खाली ओढलं आणि अंगठा तसाच दाबून धरला.

मग भिंतीपलीकडून आवाज आला.

सुमेधला हे सांगायचं होतं. रोज सकाळी डबा भरताना सांगायचं होतं. पण एकदा सांगितलं की त्याच्या घरात, त्याच्या मुलीच्या उशाशी बसलेली ती बाई कोण, हे त्याला कळणार होतं. तिने दुसऱ्या दिवसावर ढकललं, मग तिसऱ्या.

चौदाव्या दिवशी साडेआठला तिने उजेड शून्यावर आणला. रेवाचा श्वास संथ झाला. आणि छतावरचा दिवा हळूच उजळला.

फोनवर आकडा दिसत होता. दहा. तीस. साठ.

तिने खाली आणला नाही. दिवा शंभरावर जाऊन थांबला आणि तसाच राहिला. रेवा डोळे चोळत उठून बसली.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. रेवाच्या डोळ्यांखाली काळं दिसू लागलं, बालवाडीत ती डबा खाता खाता झोपायची. रोवेनाचा भाचा ॲल्रॉय माणिकपूरला इलेक्ट्रिकची कामं करायचा, त्याला अनुष्काने दुपारी बोलावलं.

“वहिनी, टेन्शन नको. अंकलच्या रूमवाला डिमर सिग्नल मारत असणार,” तो म्हणाला. त्याने फोनवरून आप्पांच्या खोलीची जोडणी काढली. मग स्क्रू काढून डिमरच बाहेर काढला, वायरींना टेप गुंडाळला आणि वर पांढरी कोरी पट्टी बसवली. “आता दोनच राहिले. एक बेबीचा, एक तुमचा. तिसरा विषय खल्लास.” काढलेला डिमर त्याने तिच्या हातात दिला. तिने तो कपाटातल्या स्टीलच्या डब्यात ठेवला.

त्या संध्याकाळी साडेआठला दिवा उजळला.

शनिवारी सुमेध घरी होता. तोच म्हणाला, “मी झोपवतो आज, तू जरा बस.” ती दारात उभी राहिली. त्याने गोष्ट सांगितली, उजेड उतरवला, रेवा त्याच्या दंडावर झोपली.

दिवा वाढू लागला.

“अरे, हे काय?” त्याने फोन घेतला, अंगठा टेकवला.

“नको!” ती इतक्या मोठ्याने ओरडली की रेवा दचकून रडायला लागली. “सुमेध, खाली नको आणूस. त्यांना दिसत नाही.”

“कुणाला?”

मग तिने सांगितलं. रेवाला कडेवर घेऊन, भिंतीला टेकून, सगळं. तो पलंगावर बसून ऐकत होता.

“किती वेळा?” त्याने विचारलं.

“सात.”

तो उठला, आप्पांच्या खोलीत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला आणि जेवायला ताटं घेतली. तिला वाढलंही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पण त्या दिवसापासून तो तिच्याशी सौम्यच बोलत राहिला, परक्या घरी गेल्यावर बोलतात तसा.

छतावरचा दिवा त्यानंतर उजळला नाही. रेवा शांत झोपू लागली. वहीत सलग आठ दिवस अनुष्काने ‘उठली नाही’ असं लिहिलं.

नवव्या दिवशी तिने ठरवलं, उरलेली जोडणीही मोडून टाकायची. ज्याच्या त्याच्या खोलीचा दिवा ज्याच्या त्याच्या हातात. रेवा झोपल्यावर तिथेच बसून तिने फोनवर यादी उघडली.

रेवा. शून्य.

आमची खोली. शून्य.

त्याखाली आणखी एक ओळ होती. नाव नव्हतं. खोली नव्हती. आकडा चार.

ती उठली, कपाटातला डबा उघडून पाहिला. डिमर आत होता, वायरी सुटलेल्या, थंडगार.

ती परत येऊन बसली. आकडा तीन झाला होता.

तिने अंगठा टेकवला आणि ती ओळ वर, अगदी शंभरापर्यंत नेली. या खोलीत काही उजळलं नाही. पॅसेजमध्येही नाही. आप्पा असतील तिथे कुठेतरी उजळलं असावं, असं तिने मानलं.

आकडा खाली यायला लागला. नव्वद. सत्तर.

तिने पुन्हा वर नेला.

तो पुन्हा उतरला.

आता ती रोज बसते. आकडा वर नेते, आणि तो उतरतो. किती वेळा, ते तिने मोजणं सोडलं आहे. खाली आणणारा हात रागात नाही, घाईतही नाही. थोडं थोडं करत, मध्ये थांबत, अंदाज घेत, ती रेवासाठी उतरवते तसाच तो उजेड उतरवत नेतो.

पलीकडे कुणीतरी कुणाला तरी झोपवत असतं.