जिवाणी

उन्हाळ्याच्या शेवटी निपाणीच्या घरामागच्या विहिरीत भूपाल गाळ काढायला उतरायचा. काम संपलं की दोराला खालून दोन हिसके द्यायचा आणि वर त्याची बायको चंदना रहाट फिरवायची.

तो लढाईवर निघाला तेव्हा त्याच्या आईने, ब्राह्मीबाईंनी, याच विहिरीचं पाणी बाटलीत भरून दिलं होतं. लढाई संपली. बाटली परत आली. सोबतीचा शिपाई, संकेश्वरचा रायाप्पा, ती घेऊन आला आणि ओट्यावरच टेकला.

"तान्हेनं जीव कासावीस झाला तरी ह्यातलं प्याला न्हाय, वैनी. म्हणायचा, आमच्या हिरीचं हाय, तितंच गेलं पायजे."

"आणि ते?"

"ब्रह्मदेशात नदी उतरत हुतो. मागं बघितलं तर न्हाय."

"बुडाले?"

"कुणी बघितलं न्हाय. नुस्तं न्हाय."

चंदना मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. शाळेचा सूक्ष्मदर्शक घरी आणून तिने बाटलीतला थेंब काचेवर घेतला. बराच वेळ भिंग वरखाली केलं. काहीच हलत नव्हतं.

"नॉट," ती पुटपुटली. शून्यासाठीचा हा जुना इंग्रजी शब्द भूपालनेच तिला उलगडून दाखवला होता. मुळात दोन शब्द, 'ना' आणि 'विख्त'. विख्त म्हणजे जीव. "काही नाही म्हणायचं तरी इंग्रजाला आधी जीवाचं नाव घ्यावं लागतं," असं म्हणून तो हसला होता.

"आत्ती, यात एकही जीव नाही. परसात ओतू?" तिने सासूला विचारलं.

"तुझ्या भिंगाला काय कळतंय? पाणी गाळ, आणि जिवाणी हिरीत सोड. ज्या पाण्याचं त्या पाण्यात जाऊ दे."

तिने पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं. फडकं उलटं करून धुतलं आणि ते धुवण, म्हणजेच जिवाणी, तांब्यात घेतलं. तांब्या दोराने पाण्याला टेकेपर्यंत सोडायचा, मगच कलंडवायचा. जिवांना मार लागता कामा नये. उन्हं कौलांवर चढली होती. आत ताटं वाजत होती. जैनांच्या या घरात दिवस मावळायच्या आत जेवण होई.

तांब्या कलंडला. दोर हलका झाला. विहिरीत उतरताना भूपालच्या पकडीने गुळगुळीत झालेला भाग तिच्या मुठीत आला, आणि ती तो धरून उगाच उभी राहिली.

खालून हिसका बसला.

मग दुसरा.

तिने वाकून पाहिलं. नितळ पाणी, आभाळाचा तुकडा, तिचं डोकं. बाकी कुणी नाही.

तिने काठाला पाय लावला आणि रहाट फिरवायला घेतला. दोर जड येत होता. ते वजन तिच्या हातांना ओळखीचं होतं.

आतून आत्तींची हाक आली, "चंदना, दिवस बुडतोय. दोघंबी जेवायला या."