तुटक्या दाताची पक्कड

“आला, आला! प्रविणदादा आला!” नितेश बांधावर उभा राहून ओरडला.

जित्याच्या माळावर जुन्या मोटरसायकलींची शर्यत ऐन रंगात आली होती. धुळीच्या लोटातून प्रविण सगळ्यांच्या पुढे निघाला. मातीच्या उंचवट्यावरून गाडी उडाली, खाली टेकली, आणि पुढच्या चाकातून फाडफाड आवाज आला. चाक तळलेल्या पापडासारखं वाकलं. गाडी एकीकडे आणि प्रविण दुसरीकडे!

सगळ्यांच्या आधी समीक्षा धावली. प्रविण तिचा आणि नितेशचा थोरला भाऊ. त्याचा पाय मोडला होता आणि तो ओठ चावून कण्हत होता.

गाडी होती समीक्षाच्या वर्गातल्या आदर्शच्या बाबांची, सुशीलकाकांची; शर्यतीत ती प्रविण चालवायचा. पेणच्या जुन्या मोटरसायकलींच्या क्लबात त्यांचा शब्द शेवटचा. वाकलेल्या चाकाकडे बोट दाखवत ते भर माळावर गरजले, “ही त्या रेचलबाईची करामत! गंजलेले स्पोक काढून चाक नव्याने बांधायला दिलं, तर हे असं बांधून दिलं! पोराचा जीव गेला असता!”

झालं! मोठ्या माणसांचं एक बरं असतं. एकजण ओरडला की बाकीच्यांना डोकं चालवावं लागत नाही. दुसऱ्याच दिवशी क्लबातल्या एकूणएक मंडळींनी रोह्याजवळच्या अष्टमी गावात जाऊन रेचलमावशीच्या दुकानातून आपापली चाकं उचलून आणली.

दिवाळीची सुट्टी लागली होती, पण समीक्षाला ना किल्ल्यात रस होता ना फटाक्यांत.

“मी त्या बाईला जाब विचारणार!” ती आदर्शला म्हणाली. “तू येतोस की नाही?”

“येतो की! चाकाला गाडी आमची होती ना!”

“उलट बोललास रे! गाडीला चाक!” नितेश खिदळला. “आणि मीपण येणार. नाहीतर आईला सांगेन!”

मोडकं चाक गोणपाटात गुंडाळून तिघं रेल्वेने रोह्याला उतरली आणि अष्टमीत पोहोचली. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत पांढऱ्या केसांची, आडव्या हाडाची एक बाई हत्यारं पुसत बसली होती.

“दुकान बंद हाय!” ती न बघताच खेकसली.

“आम्हाला काही विकत नको! माझ्या भावाचा पाय मोडलाय तुमच्यामुळे!” समीक्षाने चाक धाडकन जमिनीवर टाकलं.

मावशी उठली. चाक मांडीवर घेऊन तिने एकेका स्पोकवरून बोट फिरवलं आणि एकदम थांबली.

“इकडे ये गो. हा स्पोकच्या टोकाचा पितळी नट बघ. काय दिसतं?”

“ओरखडे… दातांचे आहेत!”

“पक्कडीचे दात. आणि ही माझी चावी.” मावशीने खिशातून गुळगुळीत खाचांची चपटी चकती काढली. “ह्याने आवळलं तर नटावर ओरखडा उठत नाय. बापाने शिकवलं तेव्हापासून मी चाकाला पक्कड लावली नाय. माझ्यानंतर कोणीतरी हात मारलाय. एका बाजूचे स्पोक ताणून ताणून मारलेत, दुसरी बाजू तशीच. उडी मारल्यावर तुटणार नाय तर काय!”

“पण कोणी कशाला आवळेल?” आदर्शने विचारलं.

“शुक्रवारी दुपारी चाक दिलं मी. बजावून सांगितलं, नवे स्पोक पहिल्यांदा धावले की जरा सैल पडतात, किणकिण वाजतात. हात लावू नका. शनिवारी आम्हा ज्यूंचा शब्बाथ, त्या दिवशी मी हत्याराला शिवत नाय. रविवारी सकाळी शर्यतीआधी आणा, मी ताण सारखा करून देते. लवकर उठून वाट बघत बसले. कोण आलं? कोण नाय!”

“मग तुम्ही हे सगळ्यांना सांगत का नाही?”

“विचारलं कोणी?” मावशीचा आवाज चढला. “चाकं घेऊन गेले, पण काय झालं म्हणून एकाने विचारलं नाय! माझा भाऊ मायकल कधीपासून इस्रायलला बोलावतोय. मी म्हणायचे, माझ्या कामाला इथे नाव हाय तोवर येणार नाय. आता नाव गेलं. मग बसून काय करू?”

समीक्षाची मान खाली गेली. भांडायला आलेली ती आता वेगळ्याच रागाने पेटली होती. नितेश मात्र नटांना नाक लावून बसला होता.

“ताई, गंमत बघ! सगळ्या ओरखड्यांत मध्येच एक फट आहे!”

खरंच होतं. प्रत्येक नटावर दातांची रांग, आणि रांगेत एक दात गायब!

“म्हणजे ज्याच्या पक्कडीचा दात तुटलाय, तोच चोर!” समीक्षा उसळून म्हणाली. “मावशी, तुम्ही कुठेही जायचं नाही! आम्ही त्याला शोधतो!”

मावशीने चाक ठेवून घेतलं. नट काढून तेवढे पोरांच्या हवाली केले.

दुसऱ्या दिवसापासून पेणमध्ये तीन पोरं घरोघर हिंडू लागली. “काका, आकाशकंदील करायचाय, जरा पक्कड देता?” क्लबातल्या एकेकाचं दार वाजवायचं, पक्कडीने तारेचा तुकडा चावून घ्यायचा, आणि आभार मानून पळायचं! केरू मेकॅनिकवर नितेशचा फार संशय होता, पण त्याच्या पक्कडीचे सगळे दात शाबूत निघाले.

“त्याचे स्वतःचे दोन पडलेत, पण ते चालणार नाहीत,” नितेश हिरमुसून म्हणाला.

बहाणा खरा करावा म्हणून आदर्श घरी खरोखरच कंदील करायला बसला. पडवीत बाबांची पक्कड पडली होती. त्याने तार वाकवली आणि त्याचा हात थांबला. तारेवर दातांची रांग होती, आणि रांगेत एक फट.

त्याने पक्कड फिरवून पाहिली. पुन्हा तार चावली. फट तिथेच होती! त्याला रडू फुटेल असं वाटलं.

“बाबा,” त्याने जेवताना विचारलं, “शनिवारी तुम्ही चाकाला हात लावला होता?”

“मी? छे! आणि मोठ्यांच्या कामात नाक खुपसायचं नाही!” बाबांनी ताटातली नजर वर केली नाही.

बाबा खोटं बोलले, हे आदर्शला कळलं. पक्कडीपेक्षाही ते त्याला जास्त लागलं. सकाळी तो तार घेऊन समीक्षाकडे गेला आणि “बाबांच्या पक्कडीची” म्हणत ती तिच्या हातात ठेवली. समीक्षाने फटीवरून बोट फिरवलं.

“तू नको म्हणालास तर मी कोणाला सांगणार नाही,” ती म्हणाली.

“आणि मावशी निघून गेल्या तर?” आदर्शने डोळे पुसले. “सांगायचं. पण आपण बोललो तर कोण ऐकणार? बाबांनीच दाखवायला हवं.”

पाडव्याला क्लबची मंडळी आदर्शच्या अंगणात फराळाला जमली. चकल्या कुरकुरत होत्या आणि रेचलबाईच्या नावाने बोटं मोडणं चालू होतं. आदर्श पुढे झाला.

“बाबा, मागच्या चाकाचे स्पोक सैल वाटतायत. चाक नीट आवळायचं कसं, ते आम्हाला दाखवा ना!”

“बघा! पोराला आतापासून नाद आहे!” सुशीलकाका खूश झाले. त्यांनी खिशातून पक्कड काढली. “घट्ट तेवढं मजबूत, एवढं लक्षात ठेवायचं!” आणि त्यांनी करकचून दोन-तीन नट आवळले.

नितेशने लगेच प्रविणच्या चाकाचे नट शेजारी मांडले.

“आता सगळ्यांनी बघा!” समीक्षा म्हणाली. “हे आत्ताचे ओरखडे, आणि हे मोडक्या चाकाचे. दोन्हीकडे एक दात गायब!”

क्लबचे अध्यक्ष महिपतीआप्पा वाकले, चष्मा सारखा करून त्यांनी दोन्ही नट पाहिले. सुशीलकाकांचा चेहरा पार उतरला.

“शनिवारी… स्पोक किणकिणत होते,” ते पुटपुटले. “बाईंचं दुकान बंद. मला वाटलं, रविवारी कशाला जायचं खेटे घालत, आपणच आवळू…”

“असो, असो! माणसाच्या हातून चूक होते!” महिपतीआप्पा घाईघाईने म्हणाले. “पण पोरं काय हुशार! शाब्बास रे पोरांनो!” मग सगळ्यांनीच शाब्बास म्हटलं. टाळ्या काय, पाठीवर थापा काय!

“आणि रेचलमावशी?” समीक्षाने विचारलं.

“हो, हो! सांगू की त्यांना. दिवाळी होऊ दे.” आणि आप्पांनी करंजी उचलली.

आदर्शने त्या रात्री जेवणाला हात लावला नाही. बाबाही जेवले नाहीत. भाऊबीजेच्या सकाळी बाबांनी आपली दुसरी मोटरसायकल बाहेर काढली. “चल,” एवढंच म्हणाले.

रेचलमावशी दुकानासमोर उभी होती. सुशीलकाका मान खाली घालून हळूच म्हणाले, “बाई, चूक माझी होती.”

“ऐकू नाय आलं!” मावशी मोठ्याने म्हणाली. शेजारच्या दुकानांतून माणसं डोकावली. “माळावर ओरडलास तेव्हा सगळ्यांना ऐकू गेलं होतं. तसं बोल!”

सुशीलकाकांनी कपाळावरचा घाम पुसला. “चाक रेचलबाईंनी नीट बांधलं होतं!” ते भर बाजारात ओरडले. “मी बिघडवलं! आणि खोटं बोललो!”

“आता ऐकू आलं,” मावशी म्हणाली.

“मी सगळ्यांची चाकं परत आणतो. उद्यापासून दुकान उघडा.”

“नाय सुशील. तिकीट काढलं मी. तू माझं नाव खराब केलंस त्यासाठी नाय. बाकीच्या इतक्या वर्षांच्या ओळखीच्यांनी विचारलंसुद्धा नाय, त्यासाठी.” मग ती आदर्शकडे वळली. “तुला सगळे शाब्बास म्हणाले असतील. मी नाय म्हणणार, पोरा. हे मोठ्यांनी करायचं काम होतं. तुमच्यावर पडलं, ह्याचं मला वाईट वाटतं.”

तिने आतून एक चाक आणलं. तेच चाक! मधला गाभा तेवढा जुना, बाकी नवी रिम, नवे स्पोक. तिने ते बोटाने फिरवलं. कुठेही न डगमगता ते सरळ फिरत राहिलं.

“प्रविणला दे. पहिल्यांदा धावलं की जरा सैल पडेल,” ती म्हणाली. “तेव्हा ताण बघायला मी नसेन.”

परतताना बाबांनी वाटेत गाडी थांबवली. “तू केलंस ते बरोबर केलंस, आदर्श. शाब्बास.”

बाबांच्या तोंडून हा शब्द ऐकायला आदर्श नेहमी धडपडायचा. आज तो चाक पोटाशी धरून बसला होता.

“बाबा, पहिल्याच दिवशी खरं बोलला असतात तर मावशी राहिल्या असत्या ना?”

“हो,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी गाडी चालू केली.