तिसरी खेप

“यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये,” असं म्हणून अण्णा किणीकरांनी सुरुवात केली.

ते चार दिवसांसाठी बहिणीकडे आले होते. मालूताई वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शेजारचे पेडणेकर, निवृत्त चित्रकला शिक्षक, अण्णा आले की चहाच्या वेळेला हमखास हजर होत. आज त्यांच्या कपाळाला नवी कोरी आशयपट्टी होती, बोललेलं लगेच दुसऱ्या भाषेत ऐकवणारी, आणि निमित्त तिचंच झालं.

आता ही पट्टी कोणाकडे नसते? तमिळ सून आणि मराठी सासू यांची भांडणंसुद्धा तिच्यामुळे न अडखळता होतात. पण अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे जगातली पहिली पट्टी बांधली गेली ती त्यांच्या कपाळावर. मागच्या दिवाळीत हीच गोष्ट सांगताना ती तिसरी होती, असं मालूताई शेंगांकडे बघतच म्हणाल्या. अण्णांनी ते ऐकलंच नाही.

ही अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चिलीच्या वाळवंटातला एक डोंगर, त्यावर दुर्बीण, आणि दुर्बिणीत आठ मीटर रुंदीचा आरसा. अण्णा तिथे प्रकाशयंत्रांचे अभियंते होते. हवा इतकी कोरडी, की धुतलेला सदरा पिळता पिळता वाळायचा. वैज्ञानिक इंग्रजी बोलायचे, आणि आरसा पुसणारे, गाड्या चालवणारे, स्वयंपाक करणारे सगळे स्पॅनिश. म्हणून पट्टीचा प्रयोग तिथे झाला.

पेडणेकरांनी विचारलं, भाषांतर तर त्याआधीही फोन करत होते, मग यात नवीन काय होतं?

“फोन शब्दाचं भाषांतर करायचा. पट्टी माणसाचं करते,” अण्णा म्हणाले. “इंग्रजीतला ‘सिंपल’ हा साधासुधा शब्द घ्या. गणित सिंपल, जेवण सिंपल, बाई सिंपल. स्पॅनिशमध्ये प्रत्येकाला निराळा शब्द. सोप्याला ‘फासिल’. निगर्वी, सरळ माणसाला ‘सेन्सीयो’, बाई असेल तर ‘सेन्सीया’. आणि कोणीही सहज फसवावी अशा बावळट बाईला ‘सिंप्लोना’. फोन बिचारा मागचंपुढचं वाक्य बघून अंदाज बांधायचा. पट्टीला अंदाजाची गरज नाही. तुम्ही शब्द उच्चारता तेव्हा मेंदूत त्याच्यामागे आठवणींचा एक पुंजका पेटतो. पट्टी तो पुंजका पाहते आणि त्याला साजेसा शब्द निवडते.”

“म्हणजे मनातलं ओळखते?”

“मनातलं नाही हो. मनातलं तुम्हाला माहीत असतं. ही त्याच्या खालचं ओळखते.”

पेडणेकरांनी नकळत पट्टीला हात लावला.

डोंगरावर रोसाल्बा नावाची एक बाई आरसा साफ करायची. कर्बवायूचा कोरडा बर्फ आरशावर फवारायचा, की तो धूळ घेऊन घरंगळतो. हे काम ती अकरा वर्षं करत होती. ओठावरून जीभ फिरवून ती हवेतला दमटपणा सांगायची आणि उपकरण मग तिला दुजोरा द्यायचं, असं अण्णा म्हणाले. इथे त्यांनी थोडी भर घातली असेल. पण पुढचं सांगताना त्यांचा आवाज खाली आला. सूर्य मावळण्याआधी अमुक मिनिटं फवारलं तर धूळ दुपटीने निघते, हे तिने शोधून काढलं होतं. तिने ते अण्णांना दाखवलं. अण्णांनी वर्षभर मोजमापं घेतली, शोधनिबंध लिहिला, परिषदेत वाचला. निबंधावर नाव एकट्या अण्णांचं. तिला काय कळतंय त्यातलं, असं त्यांना तेव्हा वाटलं. मुद्दाम लबाडी केली असंही नाही. तिचं नाव घालायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पुढे आरसा विभागाच्या प्रमुखाची जागा निघाली. रोसाल्बाने अर्ज केला आणि शिफारशीसाठी अण्णांकडे आली. ती जागा मिळाली तर डोंगराखालच्या गावात तिला घर मिळणार होतं, आणि खाणीच्या गावी मावशीकडे ठेवलेली मुलगी जवळ आणता येणार होती.

आता तिथली रीत अशी, की शिफारस कागदावर चालायची नाही. कागदावर सगळेच देवमाणसं असतात, असं तिथला संचालक म्हणायचा. रविवारी दुपारी जेवणघरात, उमेदवाराच्या समोर, पट्टी बांधून शिफारस बोलायची. भाषांतर ध्वनिक्षेपकातून सगळ्यांनी ऐकायचं. यंत्र नवीन होतं, चुकू शकत होतं, म्हणून बोलणाऱ्याला तीन खेपा मिळत. तिसऱ्या खेपेला जे येईल ते नोंदलं जायचं.

अण्णा उभे राहिले. चाळीस माणसं जेवत होती. रोसाल्बा निळा, इस्त्रीचा सदरा घालून समोरच बसली होती. अण्णांना मनापासून चांगलंच बोलायचं होतं. ते इंग्रजीत म्हणाले, रोसाल्बा ही एक सिंपल बाई आहे, आणि या डोंगराला अशाच माणसांची गरज आहे.

ध्वनिक्षेपक म्हणाला, ‘सिंप्लोना’.

कोणीतरी चमचा ताटात ठेवला, त्याचा आवाज अण्णांना आजही ऐकू येतो. रोसाल्बाने वर पाहिलं नाही. ती टेबलावरचे पावाचे कण बोटाने एका जागी गोळा करत राहिली.

“यंत्र चुकलं,” पेडणेकर म्हणाले.

“मीही तेच म्हणालो. तिथे, सगळ्यांदेखत. यंत्र चुकलं म्हणून हसलोसुद्धा.”

दुसऱ्या खेपेला अण्णांनी डोळे मिटले. तिची अकरा वर्षं आठवली, तिचे बर्फाने भाजलेले हात आठवले. पण त्या हातांच्या मागोमाग तो शोधनिबंध आला, आणि परिषदेतल्या टाळ्या आल्या. यंत्राने पुन्हा तोच शब्द काढला. या वेळी ते ठणठणीत चालत असल्याचा हिरवा दिवाही अण्णांना दिसला. त्या कोरड्या हवेतही पाठीवर घाम आला. चाळीस माणसांसमोर उघडं पडल्याची लाज होतीच, पण आत असलं काही राहतंय हे आपल्याला आजवर ठाऊकच नव्हतं, याची लाज जास्त होती.

“मग?” पेडणेकरांचा चहा केव्हाच गार झाला होता.

अण्णा जरा सावरून बसले. चेहऱ्यावर नेहमीचं मिश्कील हसू आणलं. मग त्यांनी म्हणे अशी युक्ती काढली, जी आज पुढाऱ्यापासून वधूपित्यापर्यंत सगळे वापरतात. ओठांवर रोसाल्बाचं नाव ठेवायचं आणि मनात दुसरंच माणूस आणायचं, ज्याच्याबद्दल तो शब्द आपण खरोखर प्रेमाने म्हणू. अण्णांनी आईला आठवलं. आई दर फोनला विचारायची, तुझ्या त्या आरशात चंद्र केवढा दिसतो रे? अण्णा सांगायचे, परातीएवढा. तेवढ्यावर ती खूश. तिचा तो भाबडा आवाज कानात आला, ऊर भरून आला, अण्णा म्हणाले, सिंपल, आणि यंत्रातून स्वच्छ शब्द आला, ‘सेन्सीया’. जेवणघरात टाळ्या पडल्या. रोसाल्बाला जागा मिळाली, घर मिळालं, मुलगी आली.

“वा,” पेडणेकर म्हणाले. “आईची पुण्याई.”

मालूताईंचे हात थांबले होते. सोललेले वाल मांडीवरच्या सुपात तसेच होते.

“आईला खरंच जाणून घ्यायचं होतं, अण्णा,” त्या म्हणाल्या. “वाचनालयातून पुस्तक आणून ती आरशाची आकृती काढायची. परात म्हणालास की फोन ठेवायची आणि ती आकृती मला दाखवायची. तुला नाही दाखवली कधी. तू हसशील म्हणून.”

अण्णांनी सुपातला एक वाल उचलला आणि पुन्हा सुपात ठेवला.

“आईला आठवून म्हणालास, त्या तिसऱ्या खेपेलाही ‘सिंप्लोना’च आलं होतं ना?” मालूताईंनी विचारलं.