मापाडीने भरून काढलेली तूट

मनाली टेकवडेच्या मुलीच्या बारशाचे फोटो खराब निघाले. पाळण्यावर, बायकांच्या साड्यांवर, घुगऱ्यांच्या ताटावर, सगळीकडे मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके. आत्याच्या फोनमध्ये तेच, मामाच्या फोनमध्ये तेच. मनाली हिरमुसली. "या वसाहतीत एक कॅमेरा धड टिकत नाही बघा, हर्षदाताई."

शेजारच्या हर्षदा वाघचौरेने फोटो पाहिले आणि दमट हवेला दोष दिला. काळदरीच्या पठारावर जे काही बिघडे त्याला दमट हवाच कारण असे.

पठाराच्या पोटात, शंभर मीटर खाली, प्रोटॉनांचे झोत, म्हणजे बीम, एकमेकांवर आदळवणारं यंत्र होतं. टक्कर झाली की नव्या कणांचे फवारे उसळत; त्यांना जेट म्हणत. जेट पोलादाच्या आणि चमकणाऱ्या प्लास्टिकच्या थरांत घुसून विझे आणि प्लास्टिक किती चमकलं यावरून त्याची ऊर्जा कळे. हा ऊर्जामापी. पण कुठल्याच ऊर्जामापीला सगळं पकडता येत नाही. शंभर आले तर ऐंशी-पंच्याऐंशीच दिसतात. राहिलेलं किती, ते ठरवून आकडा दुरुस्त करायचा, याला अंशशोधन म्हणतात. हर्षदाची उमेदीची वर्षं त्यातच गेली होती.

पूर्वी या कामाला अख्खा गट राबायचा. आता ते 'मापाडी' करी. बाजारात धान्य मापून देणाऱ्याचं नाव दिलेली ही प्रणाली आपलं आपण शिकत असे. एका बाजूला प्रकाशकण आणि बरोबर उलट दिशेला जेट, अशा टकरी ती वेचून काढी. प्रकाशकणाची ऊर्जा अचूक मोजता येते. तराजूचं एक पारडं पक्कं माहीत असलं की दुसरंही तेवढंच भरायला हवं. कमी भरलं की मापाडी दुरुस्तीचा गुणक तेवढा वाढवी. सकाळी हर्षदा कामावर येई तेव्हा सगळा ऊर्जामापी नव्याने तोलून तयार असे. तिने फक्त मंजुरी द्यायची.

बारशानंतरच्या आठवड्यात मंजुरी देताना तिचा हात थांबला. गुणक वर्षभर चढत होता, हे तिला ठाऊक होतं. किरणांच्या माऱ्याने प्लास्टिक पिवळं पडून मंद होतं, असं कारण मापाडी देई आणि ते पटण्यासारखंही होतं. पण त्या दिवशी तिने सहज वर्षाचा आलेख एकत्र पाहिला. रेघ संथ चढत नव्हती. ती पायऱ्यांनी चढत होती आणि प्रत्येक पायरी यंत्राची ताकद वाढवली त्याच दिवशी पडली होती.

'म्हातारपण असं पायऱ्यापायऱ्यांनी येत नाही,' तिच्या मनात आलं.

देखभालीसाठी यंत्र बंद झालं तेव्हा ती छातीवर किरणमापक बिल्ला लावून खाली उतरली. ऊर्जामापीत बारीक नळ्या असतात. त्यांतून किरणोत्सारी सीझियमची गोळी फिरवली की जवळून जाताना प्लास्टिकची प्रत्येक फरशी चमकते आणि किती जीर्ण झाली ते कळतं. दिवसभर ती पडद्यापुढे बसून राहिली. एकूण एक फरशी जवळपास नव्यासारखी चमकली.

मापी ठणठणीत होता. म्हणजे तूट खरी होती. कुठला तरी अनोळखी कण जेटमधली ऊर्जा घेऊन, पोलाद नसल्यासारखाच, पार निघून जात होता. असे कण अमर नसतात. शेदोनशे मीटर जाऊन ते फुटणार आणि ऊर्जा किरणोत्साराच्या रूपात ओतणार. हिशेब केला तर सगळी तूट मिळून जुन्या पिवळ्या बल्बाएवढी भरत होती. पण हा बल्ब उजेडाचा नव्हता. आणि खडक त्याला अडवणार नव्हता.

शंभर मीटर वर, बरोबर डोक्यावर, वसाहत होती. बारशाच्या फोटोंवरचे ते पांढरे ठिपके दमट हवेचे नव्हते.

"तूट खरी आहे, सर," तिने संचालक डॉ. फडतरेंना सांगितलं.

"पण उत्तरं बरोबर येतायत ना? मापाडीने जमवलंय."

"जमवलं म्हणूनच आपल्याला कळलं नाही."

फडतरेंनी मान हलवली. "वर किरणोत्सार असता तर बिल्ल्यांवर दिसला असता."

"बिल्ले आपण खाली उतरताना लावतो, सर. आणि उतरतो बीम बंद असताना. बीम चालू असतो तेव्हा सगळे बिल्ले कपाटात असतात."

फडतरेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तेही वसाहतीतच राहत. त्यांची बायको दिवसभर बागेत खपत असे. मग हलक्या आवाजात म्हणाले, "आधी खात्री करा. तोवर कुणाजवळ बोलू नका."

यंत्र पुन्हा सुरू झालं त्या सकाळी हर्षदाने किरण लागले की टिकटिक करणारा एक बिल्ला पर्समध्ये टाकला. नियंत्रण कक्ष डोंगराच्या पायथ्याशी, बराच लांब होता. तिथे बिल्ला गप्प राहिला. घाट चढतानाही गप्पच. आपण चुकलो, असं वाटून तिला हायसं वाटलं. वसाहतीची कमान ओलांडली आणि एक टिक झाली. मग दुसरी. मनालीच्या दारात पोचेपर्यंत तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज येऊ लागला.

मनाली पडवीत पाय पसरून, उन्हात, लेकीला, सावनीला, तेल लावत होती.

"ताई, पर्समध्ये काय वाजतंय हो?"

हर्षदाने मनालीच्या नवऱ्याला, संकेतला, फोन लावला. त्या वेळी बीमच्या चाव्यांपाशी तोच बसलेला होता.

"संकेत, बीम काढ. आत्ता बंद कर."

"मॅडम, सरांना विचारल्याशिवाय कसा काढू?"

"मी तुझ्या घरात उभी आहे. सावनी माझ्या पुढ्यात आहे. ऐक." तिने बिल्ला फोनला लावला. असे बिल्ले संकेतने शेकडो वेळा हाताळले होते.

मग तो म्हणाला, "काढतो."

टिकटिक कापल्यासारखी थांबली.

सावनी मूठ चोखत होती, तिचा चुटचुट आवाज मोठा वाटू लागला. हर्षदा खांबाला टेकून खाली बसली. मनाली तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने तेलकट हातांनीच पोरीला उचलून छातीशी आवळलं. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही.

दुपारपर्यंत वसाहत रिकामी झाली. यंत्र आता बंद आहे, धोका नाही, असं फडतरे कमानीपाशी उभे राहून सांगत होते. लोक त्यांच्याकडे न बघता गाड्यांत चढत होते.

पायथ्याच्या विश्रामगृहात डॉक्टरांनी सगळ्यांचं रक्त घेतलं. सावनी खणखणीत दिसत होती. दिसण्यावरून काही ठरत नाही, हे डॉक्टर बोलले नाहीत, पण लपवूही शकले नाहीत. संकेत भिंतीला टेकून बसला होता. वर्षभर बीम त्यानेच चालवला होता.

मनाली उठून हर्षदाजवळ आली. "ताई, ही पोटात होती तेव्हाही यंत्र चालूच होतं. तेव्हा हिला किती लागलं, ते कळेल?"

हर्षदाला नाही म्हणायचं होतं. पण मापाडीने रोजची तूट अचूक मोजून ठेवली होती. त्या गुणकांवरून प्रत्येक दिवशी वसाहतीत किती ऊर्जा फुटली आणि कुठल्या घरात साधारण किती पोचली, हे काढता येणार होतं. इतकं चोख अंशशोधन तिने उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "आकडा काढता येईल."

मनालीने सावनीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आणि तो आकडा घेऊन मी काय करू, ताई?"