मामलेदाराची पसंती

प्रेमाला भाषा लागत नाही, असं थोर लोक सांगून गेले आहेत. थोर लोकांनी मांजर पाळलं नसावं.

डिसेंबरची सकाळ. मखमलाबादला आपल्या शेडमध्ये कुंदन गुलाबांच्या जुड्या बांधत होता. ओल्या पानांचा वास, हातपाय गारठलेले... आणि समोर गोणपाटावर एक अनोळखी पिवळा बोका उताणा पडलेला. बोक्यानं पोट दाखवलं. कुंदननं मायेनं हात लावला. ज्या हाताला वर्षानुवर्षं काटे काही करू शकले नव्हते, त्यातून रक्त आलं.

"पोटाला हात लावलात ना?"

दारात एक मुलगी उभी होती. नाक थंडीनं लाल, ओढणी वाऱ्यावर.

"त्यानंच दाखवलं, ताई."

"पोट दाखवलं म्हणजे विश्वास आहे. हात लावा, असा अर्थ नाही."

बाई दिसली की ताई म्हणायचं, ही फुलांच्या धंद्यातली शिस्त. त्या एका शब्दानं आपण केवढी कुऱ्हाड पायावर मारून घेतली, हे ती हसली तेव्हा कुंदनला कळलं.

ती छाया. शेजारच्या नव्या इमारतीत राहायला आलेली, बँकेत नोकरीला. बोका तिचा. नाव मामलेदार, कारण तो काही काम करत नसे, आणि आला की कुणीतरी खुर्ची रिकामी करत असे.

मामलेदार रोज शेडवर येऊ लागला. म्हणून छायाही रोज त्याला न्यायला येऊ लागली. मांजरं आपापली घरी परततात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बघा, पायाला गाल घासतोय. लय जीव आहे त्याचा माझ्यावर."

"मालकी सांगतोय. स्वतःचा वास लावून ठेवतो. आमच्या गॅस सिलिंडरवरही त्याचा तेवढाच जीव आहे."

"मग खरं प्रेम कसं ओळखायचं?"

"तुमच्याकडे बघत... सावकाश डोळे मिटतो, सावकाश उघडतो. म्हणजे — तुमच्यासमोर मला भीती नाही."

"आणि आपण काय करायचं?"

"तसंच. तेवढं पुरतं."

तिनं करून दाखवलं. बोक्याकडे बघून. बहुतेक बोक्याकडेच.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी बोका शेडवर नसतानाही ती आली. "रविवारी मला बघायला येताहेत. पुण्याचा मुलगा आहे, धनराज. पप्पांना पसंत आहे. मी अजून... काही बोलले नाही. टेबलावर ठेवायला फुलं हवीत."

कुंदननं आयुष्यातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न विचारला —

"लाल देऊ की पिवळी?"

छायानं हातातलं ओढणीचं टोक एकदा डावीकडे फटकारलं, एकदा उजवीकडे. बोक्याची शेपटी अशी हलली की बाजूला व्हायचं, हे कुंदन शिकला होता. तो बाजूला झाला. ती निघून गेली.

रविवारी फुलं घेऊन तो स्वतः गेला, तेव्हा पोहे संपत आले होते. तेवढ्यात मामलेदार कपाटावरून उतरला आणि धनराजच्या नव्या पँटला गाल घासू लागला. छायाचे पप्पा आनंदानं उठून उभे राहिले.

"मामलेदारानं पसंत केलं! मुकं जनावर खोटं बोलत नाही. करायची का बोलणी?"

धनराजच्या आईनं पेढ्यांचा बॉक्स उघडला. छायानं दारात उभ्या कुंदनकडे पाहिलं.

"काका..." कुंदन फुलं हातात धरूनच म्हणाला. "तो फक्त वास लावतोय. तुमच्या सिलिंडरलाही लावतो."

"तुम्ही कोण?"

"फुलवाला. आणि — मला छाया आवडते."

पहिल्यांदाच, ताईशिवाय.

बोका घुरघुरतच होता. छाया कुंदनकडे बघत राहिली. मग तिनं सावकाश डोळे मिटले... सावकाश उघडले. कुंदननंही.

"यांच्या डोळ्यांत काही गेलंय का?" धनराजनं काळजीनं विचारलं. तो चांगला मुलगा होता.

"छाया, तुझं काय म्हणणं?" पप्पांनी विचारलं.

"मी आत्ताच हो म्हटलं, पप्पा. सगळ्यांसमोर. मोठ्यानं सांगू?"

तिनं मोठ्यानंही सांगितलं. पप्पा खाली बसले. त्यांनी बोक्याकडे पाहिलं. बोक्यानं जांभई दिली. पेढे धनराजच्या आईचे होते, पण बाई समंजस निघाल्या. "उघडलेच आहेत तर..." म्हणत त्यांनी पहिला पेढा कुंदनच्या हातावर ठेवला.

वैशाखात लग्न झालं. मांडव अख्खा गुलाबांचा, तेही घरच्या. नवरी बोहल्यावर नवऱ्याकडे बघून सावकाश डोळे मिटत होती, आणि भटजी घाई करत होते.

मामलेदार लग्नाला नव्हता. तो आता छायाच्या इमारतीत तळमजल्यावरच्या कुसाबाईंकडे राहतो. त्या सुकट घालतात.